मोकळ्या जागा

परवा विद्यापीठातून दोन मुलं आली,
फोन पुढे ठेवून म्हणाली, सरांविषयी बोला.
मी काय बोलणार?
गणपती पेठेत, काथ्याच्या दुकानावरच्या माडीत
आमचं टायपिंग इन्स्टिट्यूट.
पानाला सव्वा रुपया, कार्बनचे चार आणे वेगळे.
तिथे अकरा वर्षं
डॉक्टर नेमगोंडा चौगुल्यांचे निबंध मी टाइप केले
आणि त्यातलं अक्षर मला कळलं नाही.

त्यांची चिन्हं आमच्या यंत्रात नव्हती.
मी नुसते शब्द उमटवायचे,
बाकीच्याला जागा सोडायची:
इथे चार ठोके, इथे नऊ,
इथे अख्खी ओळ कोरी.
दुपारी ते हरिपूरहून सायकलवर येत,
खिडकीशी बसून
काळ्या शाईने एकेक खळगा भरत.
पाच वाजले की उठत, समीकरण अर्ध्यावर असलं तरी.
दिवेलागणीआधी जेवण, हा आईचा नियम,
आणि आईला आता दिसत नव्हतं,
तिला दिवस मावळलेला कळायचा तो यांच्या सायकलच्या घंटीवरून.

गोड माणूस नव्हते.
‘ऑब्व्हियसली’ हा शब्द चुकून राहिला
तर पान परत.
‘बाई, जे उघड असतं
त्याला उघड म्हणावं लागत नाही.’
असा एक शब्द काढायला
एकदा सतरा पानं पुन्हा केली मी,
आणि त्यांनी सतराचे पैसे मोजून दिले,
सॉरी नाही म्हणाले.

एकदाच मोकळं बोलले, रिबन अडकली होती म्हणून.
वडील पेवात उतरणारे हमाल.
पेवाचं तोंड फोडलं की लगेच उतरायचं नाही,
आधी दोरीने कंदील सोडायचा.
जळत राहिला तर माणूस जाईल.
विझला तर वर बसायचं, तंबाखू मळत,
खाली हळद सोन्यासारखी असली तरी.
त्यांचा चुलता बसला नव्हता.
‘माझंही काम तेच,’ म्हणाले,
‘फक्त माझ्या पेवाला तळ आहे का, ते ठाऊक नाही.’
मग रिबन सुटली आणि ते गप्प झाले.

पुढे तो मोठा निबंध गाजला.
परदेशी तिकिटांची पाकिटं यायला लागली
(तिकिटं माझ्या भावाला मिळायची),
नगरपालिकेने शाल दिली,
भाषणात कुणीतरी म्हणालं, सांगलीला आता
हळद आणि चौगुले, दोन गोष्टींसाठी ओळखतील.
हे खुर्चीत असे बसलेले
जसं कुणी दुसऱ्याच्या लग्नात.

दोन वर्षांनी, भाद्रपदात,
पाऊस नसताना छत्री घेऊन आले.
कागद आणला नव्हता. तोंडी सांगितलं:
सातव्या पानावर चूक आहे.
ती माझी आहे, माझ्या विद्यार्थ्याची नव्हे.
तिच्यावर उभं केलेलं सगळं
मी मागे घेतो.

सवयीने मी कॅरेज पुढे सरकवलं,
जागा सोडायला.
‘नको,’ म्हणाले. ‘इथे काही भरायचं नाही.’

अकरा वर्षांत तेवढं एक पान
मला पहिल्यापासून शेवटपर्यंत कळलं.
माझी बोटं गार पडली होती.
त्यांनी सव्वा रुपया ठेवला, कार्बनचे चार आणे ठेवले,
आणि सायकलला क्लिपा न लावताच गेले.
पेठेत हसलेही लोक. शाल परत मागा, म्हणाले.
दुसऱ्या सोमवारी ते पुन्हा हजर,
बावीस पानं घेऊन, नव्या खळग्यांची.

मुलं विचारत होती, एखादी वस्तू असेल का त्यांची?
म्हटलं, यंत्र महापुरात गेलं,
पेवांतही तेव्हा कृष्णाच भरली होती.
हे खरंच आहे.
त्या पानाची कार्बन प्रत
लाइटबिलांच्या खाली आहे, ते मी सांगितलं नाही.
का, ते मलाही नीट माहीत नाही.

निघाली तेव्हा अंधारून आलेलं.
जिन्यातला बल्ब गेलाय आठ दिवस.
थांबा जरा, म्हटलं,
लगेच उतरू नका.